एक्सेल फाइल ० केबी झाली, ड्राइव्हवरही तीच: परत कशी मिळवली

वीज गेली आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या दुकानाची जीएसटीची एक्सेल फाइल ० केबी झाली. सिंकमुळे (कॉम्प्युटरवरचा बदल आपोआप ऑनलाइन प्रतीतही होतो त्यामुळे) गूगल ड्राइव्हवरही तीच रिकामी. एक्सेलमधल्या 'ओपन अँड रिपेअर'ने काही झालं नाही. ट्रॅशमध्ये असायचा प्रश्नच नव्हता, फाइल डिलीट कुठे झाली होती! रिटर्नची तारीख डोक्यावर, नुसता वैताग.

चाललं ते असं: आधी कॉम्प्युटरवरचं सिंक 'पॉज' केलं. मग ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून फाइलवर राइट क्लिक, 'फाइल इन्फर्मेशन', 'मॅनेज व्हर्जन्स'. वीज जाण्याआधीच्या व्हर्जनसमोरचे (म्हणजे फाइलच्या जुन्या प्रतीसमोरचे) तीन ठिपके दाबून 'डाउनलोड'. वेगळ्या नावाने सेव्ह करून बेरजा ताळून पाहिल्या, मगच 'मॅनेज व्हर्जन्स'मधूनच 'अपलोड न्यू व्हर्जन' केलं आणि सिंक पुन्हा सुरू. जुनी व्हर्जन्स ३० दिवसांनी किंवा १०० झाल्यावर पुसली जाऊ शकतात; हवं त्याला 'कीप फॉरेव्हर' लावून ठेवा.