कचऱ्याच्या मोठ्या डब्याची तुटलेली चाके बदलताना

सोसायट्यांमधून दिसणाऱ्या १२० किंवा २४० लिटरच्या चाकांच्या डब्याचे एक चाक तुटले, तरी दोन्ही बदललेली बरी, कारण एक नवे आणि एक झिजलेले असले की डबा ओढताना एका बाजूला खेचला जातो. नवी चाके घेण्याआधी जुन्या चाकाचा व्यास आणि आसाची जाडी मोजून घ्यावी. जुने चाकच दुकानात नेले तर उत्तम.

डबा रिकामा करून, धुऊन आडवा ठेवावा. काही डब्यांत चाकाच्या आतल्या बाजूस स्प्रिंगची खीळ असते. ती पेचकसाने मागे ओढून धरली की चाक सरळ बाहेर येते. इतरांत आसाच्या टोकावर पत्र्याची टोपी ठोकून बसवलेली असते. टोपी आणि चाक यांच्यामध्ये पेचकस घालून ती थोडी थोडी सर्व बाजूंनी उचकटावी. या कामात टोपी वाकतेच, त्यामुळे नवी आणून ठेवावी.

आस काढून सपाट फरशीवर गडगडवून पाहावा. तो डगमगला तर वाकलेला आहे, आणि त्यावर नवी चाके चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. आस सरळ असल्यास गंज पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावावे. ओल्या कचऱ्याचे पाणी तिथेच मुरते, म्हणून यात कसूर नको. टोपी बसवताना आसाचे दुसरे टोक लाकडी ठोकळ्याला टेकवून हातोडीने हलकेच ठोकावे. चाक मोकळे फिरेल इतकी फट मात्र राखावी.