सांगली बँकेच्या शोधात २०-एफ

बी.कॉम. झाल्यानंतर दोन वर्षे मी सांगलीत एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात खतावण्या जुळवणे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरणे ही कामे करीत होतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो तेही त्याच काळात, रात्रीच्या वेळी, विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत. आज कंपन्यांनी नियामकांकडे दाखल केलेली कागदपत्रे मिळवणे आणि त्यांतून नेमकी हवी तेवढी वेगळी काढणे हेच माझे काम आहे. या कामाकडे वळू पाहणारे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी मला बहुधा कोणती लायब्ररी (प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोडचा संच) वापरावी एवढेच विचारतात. त्याचे उत्तर दोन मिनिटांत देता येते. कोणता कागद मागायचा हे कळायला मात्र मला जवळजवळ वर्ष लागले, आणि ते ज्या उदाहरणावर कळले ते आपल्याच गावचे असल्यामुळे येथे तेच सविस्तर मांडतो.

१९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक १९ एप्रिल २००७ रोजी आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. माझ्या वडिलांकडे सांगली बँकेचे थोडे शेअर होते आणि ९२५ शेअरांमागे १०० या प्रमाणात त्यांना नव्या बँकेचे शेअर मिळाले. नव्या बँकेच्या त्या वर्षीच्या मूळ अहवालात आपल्या बँकेबद्दल काय लिहिले आहे, असे त्यांनी मला एकदा सहज विचारले. आयसीआयसीआय बँकेच्या ठेव-पावत्या (एडीआर; मुदत ठेवींच्या नव्हे, तर बँकेच्या शेअरांऐवजी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पावत्या) २००० सालापासून न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेल्या असल्याने तिला अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडेही अहवाल द्यावे लागतात, आणि ते 'एडगर' या सरकारी संग्रहात कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

मी 'एडगरटूल्स' ही लायब्ररी वापरली. तिच्यात कंपनीचे बाजारातील संक्षिप्त नाव दिले की तिच्या फायलिंगची, म्हणजे दाखल केलेल्या कागदपत्रांची, यादी मिळते, आणि ती यादी फॉर्मचा प्रकार व तारीख यांनुसार गाळता येते. सुरुवातीलाच आपले नाव आणि ईमेल पत्ता नोंदवावा लागतो, कारण कोण माहिती मागत आहे हे प्रत्येक विनंतीबरोबर कळवावे, असा कमिशनचा नियम आहे. सेकंदाला १० हून अधिक विनंत्या करू नयेत हाही नियमच आहे. लायब्ररी तो सांभाळते. मी मात्र हुशारी करून, तिला वगळून, विनंत्या पुन्हापुन्हा पाठवणारे स्वतःचे एक लूप लिहिले आणि काही सेकंदांतच प्रत्येक विनंतीला '४०३', म्हणजे प्रवेश नाकारला, असे उत्तर येऊ लागले. माझे इंटरनेटच बिघडले असे समजून मी राउटर तीनदा बंद-चालू केला. खरे तर माझा इंटरनेटवरचा (आयपी) पत्ता काही काळापुरता अडवला गेला होता.

त्यानंतरची चूक अधिक शिकवणारी होती. वार्षिक अहवाल म्हणजे '१०-के' असे मी वाचले होते, म्हणून यादी त्या फॉर्मवर गाळली. उत्तर आले शून्य. या बँकेने अहवालच दिलेले नाहीत, असे मी वहीत लिहूनही ठेवले. वस्तुस्थिती अशी आहे की १०-के हा अमेरिकी कंपन्यांचा वार्षिक अहवाल आहे; आयसीआयसीआय बँक किंवा इन्फोसिस यांसारख्या परदेशी कंपन्या त्याऐवजी '२०-एफ' देतात आणि मधल्या घडामोडी '६-के' वर कळवतात. रिकामी यादी आली की माझा पहिला संशय आता माझ्या चाळणीवर जातो: आधी काहीही न गाळता त्या कंपनीच्या सर्व फॉर्मची प्रकारवार मोजणी करायची आणि मगच प्रकार निवडायचा.

२०-एफ सापडल्यावर मी दाखल झाल्याची तारीख २००७ मध्ये असलेला अहवाल उघडला, कारण विलीनीकरण २००७ चे होते. आकडे जुळेनात. हिशेबनीस असूनही हे माझ्या ध्यानात यायला एक दिवस गेला, याची आजही थोडी लाज वाटते: १९ एप्रिल म्हणजे मार्चअखेर उलटून गेलेली होती, त्यामुळे सांगली बँकेचे आकडे ३१ मार्च २००८ रोजी संपलेल्या वर्षात मिसळलेले असणार, आणि तो अहवाल २००८ मध्ये दाखल झालेला असणार. अहवाल दाखल झाल्याची तारीख आणि अहवाल ज्या कालावधीचा आहे त्याची अखेर हे दोन वेगळे रकाने आहेत. लायब्ररीतील तारखेची चाळणी सामान्यतः पहिल्या रकान्यावर चालते, आणि आपल्या मनात असते ते दुसऱ्यातले वर्ष. डिसेंबरअखेर वर्ष संपवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा २००७ चा अहवालही २००८ मध्येच येतो, त्यामुळे अनेक कंपन्या एकत्र घेताना हा घोटाळा हमखास होतो. त्यातच २०-एफ देण्याची मुदत पूर्वी वर्षअखेरीपासून सहा महिने होती, ती पुढे चार महिन्यांवर आली. म्हणून जुन्या आणि नव्या वर्षांना तारखांची एकच खिडकी लावता येत नाही.

दुरुस्त अहवालाच्या प्रकारापुढे तिरपी रेघ आणि 'ए' असते. चाळणी तो सोबत आणते की वगळते हे आपण वापरत असलेल्या लायब्ररीत आधी तपासावे, नाहीतर एकच वर्ष दोनदा मोजले जाते. प्रत्येक फायलिंगचा १८ अंकी क्रमांक मात्र एकमेव असतो, म्हणून तक्त्यातील प्रत्येक ओळ ओळखण्याची किल्ली तोच ठेवावा. त्यातील पहिले दहा अंक कंपनीचेच असतात असे मानू नये. अहवाल एखाद्या मध्यस्थ संस्थेने भरला असेल तर ते तिचे असतात. कंपनीचा स्वतःचा ओळख क्रमांकही दहा अंकी आणि पुढे शून्ये असलेला लिहिला जातो. तो एक्सेलमध्ये उघडला की पुढची शून्ये गळून पडतात, हा अनुभव बँक खात्यांच्या याद्या केलेल्या कोणालाही नवा नसावा.

मजकुराच्या आत शोधण्याची घाई करू नये. आधी केवळ यादीवर काम करून पाच-दहा अहवाल उरवावेत, ते आपल्या संगणकावर साठवावेत आणि मग त्यांत 'सांगली' हा शब्द शोधावा. हा शोध मला साध्या मजकुरातच घ्यावा लागला, कारण आकडे संगणकाला थेट वाचता येतील अशा एक्सबीआरएल स्वरूपाची सक्ती अमेरिकी मोठ्या कंपन्यांनाही २००९ पासून लागू झाली. २००८ च्या अहवालाकडून तयार तक्त्यांची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता.

आपल्या जिल्ह्यातील कंपन्या याच पद्धतीने शोधता येतील का, असे पुष्कळ जण विचारतात. किर्लोस्करवाडीची ओळख असलेली किर्लोस्कर ब्रदर्स मुंबईच्या शेअर बाजारांत नोंदलेली आहे, तेव्हा तिचे निकाल तेथे पाहावेत. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावे लागतात, त्यामुळे तारखांची खिडकी ठरवणे तेथे सोपे जाते. सहकारी साखर कारखान्यांची गोष्ट निराळी आहे. ते सहकार कायद्याखाली येतात, शेअर बाजारात त्यांची नोंद नसते, आणि त्यांचा ताळेबंद मिळतो तो सभासदांना वाटल्या जाणाऱ्या वार्षिक सभेच्या छापील अहवालात. तसे सात अहवाल मी मामांच्या माळ्यावरून काढून आणले आहेत आणि त्यांतले आकडे सध्या हाताने टाइप करीत आहे.