साठ जणांच्या उत्तरांवरून आठशे चाळीस जणांचा अंदाज

एका शाळेत ८४० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी किती जण सायकलने येतात हे शाळेला जाणून घ्यायचे आहे, असे समजा. सर्वांना न विचारता ६० जणांना विचारले आणि २१ जणांनी ‘सायकलने’ असे उत्तर दिले. नमुन्यातील गुणोत्तर २१ : ६०, म्हणजेच संक्षिप्त रूपात ७ : २० झाले. पूर्ण शाळेसाठी हेच गुणोत्तर गृहीत धरून ७ : २० = क्ष : ८४० असे मांडावे. तिरकस गुणाकाराने २० क्ष = ५८८०, म्हणून क्ष = २९४. दोन्ही बाजूंना पदांचा क्रम एकच ठेवावा आणि उत्तर न देणाऱ्यांना ६० मध्ये मोजू नये, एवढे पथ्य सांभाळले की बाकीचे काम नेहमीच्या त्रैराशिकाचेच आहे.

खरी जोखीम बरोबरच्या चिन्हात आहे. नमुन्याची घडण शाळेसारखी असेल तरच ती दोन गुणोत्तरे समान मानता येतात. या शाळेत पाचवी ते सातवीचे ४८० आणि आठवी ते दहावीचे ३६० विद्यार्थी असून नमुन्यात मात्र लहान वर्गांतले २० आणि मोठ्या वर्गांतले ४० जण आले, तर चित्र बदलते. लहानांपैकी ३ आणि मोठ्यांपैकी १८ जण सायकलने येत असतील, तर प्रत्येक गटासाठी वेगळे गुणोत्तर मांडावे: ३ : २० = ७२ : ४८० आणि १८ : ४० = १६२ : ३६०. बेरीज २३४ येते. उत्तरे तीच असूनही अंदाज ६० ने उतरला, कारण पहिल्या गणितात मोठ्या मुलांचे वजन अकारण वाढले होते.

नमुना मोठा घेतल्याने हा दोष जात नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका जमवून लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने निवडून आले. मतपत्रिका पाठवण्यासाठी वापरलेल्या दूरध्वनी आणि मोटारमालकांच्या याद्यांत सुखवस्तू लोकांचा भरणा होता, शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांचा कलही सारखा नव्हता.

प्रत्येक गटातील मुले चिठ्ठ्या टाकून निवडली असली, तरीही २३४ हा आकडा नेमका मानू नये. १ ला नमुन्यातील संख्येच्या वर्गमूळाने भागले की संभाव्य चुकीची ढोबळ मर्यादा मिळते. ६० साठी ती सुमारे १३ टक्के, म्हणजे ८४० पैकी जवळपास ११० विद्यार्थी. म्हणून अहवालात ‘साधारण १२५ ते ३४५’ असे लिहावे. ही मर्यादा निम्म्यावर आणायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट, म्हणजे २४० जणांचा घ्यावा लागतो. मात्र सायकलतळ ३५० सायकलींचा बांधण्याचे आधीच ठरले असेल आणि तो पुरेल का एवढाच प्रश्न असेल, तर ६० जणांची पाहणीही पुरेशी आहे.