व्यावसायिक टेनिस सामना कोर्टाशेजारून कसा पाहावा: नागपूरच्या हौशी खेळाडूंसाठी

रामनगरच्या कोर्टवर किंवा एखाद्या क्लबात नियमित खेळणाऱ्याने वर्षातून एकदा तरी व्यावसायिक सामना प्रत्यक्ष पाहावा. टीव्हीचा कॅमेरा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेच्या, मागे बराच उंच असतो, त्यामुळे कोर्ट चपटं दिसतं. चेंडू जाळीवरून किती उंचीने गेला, टप्प्यानंतर किती उसळला, आणि चेंडू समोरच्याकडे असताना या खेळाडूचे पाय काय करत होते, हे त्यात हरवतं. हौशी खेळाडू कमी पडतो तो नेमका इथेच.

नागपूरहून जाण्याजोगी ठिकाणं दोन. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात 2018 ते 2023 या काळात, 2021 वगळता, एटीपी 250 दर्जाची (पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यातली) स्पर्धा झाली. 2024 पासून तिथे त्याखालच्या स्तराची चॅलेंजर 100 स्पर्धा सुरू झाली. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर 2024 आणि 2025 च्या फेब्रुवारीत महिलांची डब्ल्यूटीए 125 (मुख्य दौऱ्याखालच्या स्तराची) स्पर्धा झाली. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, म्हणून आरक्षण करण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक पाहून घ्या. मोठी नावं नाहीत म्हणून चॅलेंजर टाळू नका. तिथे कोर्ट आणि प्रेक्षक यांच्यात अंतर कमी असतं, शिकायला ते जास्त सोयीचं.

दिवस निवडताना बहुतेक जण चुकतात. अंतिम सामन्याचं तिकीट काढलं की हातात एकेरीचा एकच सामना येतो, कधी कधी तो तासाभरात आटोपतो. चॅलेंजरमध्ये क्वालिफाइंग, म्हणजे मुख्य फेरीत जागा मिळवण्याचे सामने, साधारण रविवार-सोमवारी असतात आणि मुख्य फेरी सोमवारपासून सुरू होते. त्या दिवसांत तीन-चार कोर्टवर एकाच वेळी सामने चालतात, सरावाची कोर्ट भरलेली असतात आणि गर्दी नसते. शनिवारी रात्रीची गाडी, रविवार-सोमवार सामने, सोमवारी रात्री परतीची गाडी: एका रजेत भागतं. मुंबईला विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने सकाळी सीएसएमटीला उतरलात की चर्चगेटजवळचं मैदान टॅक्सीने थोड्याच वेळाचं. पुण्यात मात्र बालेवाडी स्टेशनपासून बरीच लांब आहे, तासभर हाताशी ठेवा.

दुसऱ्या दिवशीचा सामन्यांचा क्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. त्यात बहुधा पहिल्या सामन्याचीच वेळ पक्की असते, पुढचे सामने आधीचा संपला की सुरू होतात. एखाद्या सामन्यापुढे ‘अमुक वाजण्याआधी नाही’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ तो तेव्हाच सुरू होईल असा नाही. उशीर कितीही होऊ शकतो. परतीच्या गाडीचा हिशेब यावर बेतू नका.

मैदानावर पहिला सामना सुरू होण्याच्या दीड तास आधी पोहोचा आणि थेट सरावाच्या कोर्टकडे जा. सर्व्हिस लाइनवरून हलके फटके, मग बेसलाइनवरून मधोमध, मग क्रॉस-कोर्ट (तिरके), व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेले), ओव्हरहेड (डोक्यावरून), शेवटी सर्व्हिस आणि रिटर्न, असा हा सराव बहुधा चढत जातो. तारांच्या कुंपणाशी उभं राहून पाहा, की हलक्या फटक्यांतही पाय थांबलेले नसतात. आपल्याकडे खेळाआधीची पाच मिनिटं जोरदार फटके मारण्यात जातात आणि पहिल्या दोन गेममध्ये चेंडू कोर्टबाहेर. त्याचं कारण इथे डोळ्यांसमोर दिसतं.

बसायची जागा. आधी बेसलाइनच्या मागे, जमेल तितक्या खालच्या ओळीत बसा. फिरकी, उसळी आणि जाळीवरची उंची तिथून कळते. एक सेट झाला की बाजूच्या स्टँडमध्ये जा. खेळाडू बेसलाइनच्या किती मागे उभा आहे, आखूड पडणारा चेंडू आला की किती पावलं आत येतो, हे बाजूनेच दिसतं. बहुतेक कोर्ट उत्तर-दक्षिण आखलेली असतात, म्हणून दुपारनंतर पश्चिमेच्या स्टँडमध्ये सूर्य पाठीशी येतो आणि छप्पर असेल तर सावलीही आधी तिथेच मिळते. पूर्वेला बसलात तर दुपारनंतर डोळे मिचकावण्यातच वेळ जाईल. नागपूरच्या माणसाला फेब्रुवारीचं पुण्याचं ऊन किरकोळ वाटतं, पण सहा तास उघड्यावर बसायचं आहे. टोपी आणि दुपट्टा हवाच. पाण्याच्या बाटल्या आणि डबा आत नेता येतो का, ते तिकिटावर वाचा.

ये-जा फक्त खेळाडू बाजू बदलताना खुर्चीवर बसतात तेव्हाच करायची. ही विश्रांती 90 सेकंदांची, सेट संपल्यावर 120 सेकंदांची. पहिल्या गेमनंतर खेळाडू बाजू बदलतात पण बसत नाहीत, त्यामुळे सेटच्या सुरुवातीला उशीर झाला तर तिसरा गेम संपेपर्यंत दाराशी थांबावं लागतं. टायब्रेकमध्ये (6-6 झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये) दर सहा गुणांनी बाजू बदलते, तेव्हाही बसणं नाही, म्हणून उठायचंही नाही. डबल फॉल्टवर (दोन्ही सर्व्हिस चुकल्यावर) टाळ्या वाजवू नका. चेंडू आत की बाहेर, हे प्रेक्षकातून ओरडून सांगणं तर अजिबात नको.

आता मुख्य काम. चेंडूच्या मागे मान फिरवणं बंद करा. एका गेमपुरता एकच खेळाडू निवडा आणि चेंडू कुठेही असो, नजर त्याच्या पायांवर ठेवा. समोरचा फटका मारण्याच्या क्षणी हा छोटीशी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरतो आणि उतरता उतरताच दिशा घेतो. ही स्प्लिट स्टेप दर फटक्याला असते, थकल्यावरही. मग फटका मारल्यानंतर तो कुठे परततो ते पाहा. तो दर वेळी कोर्टच्या मध्यावर येत नाही; क्रॉस-कोर्ट मारला असेल तर मध्यापासून थोडा, जिथून मारला त्याच बाजूला थांबतो, कारण समोरच्याच्या शक्य कोनांचा मध्य तिथे असतो.

पुढचा गेम फक्त उंचीसाठी. जाळी मध्यभागी 91.4 सेंटीमीटर उंच असते. बेसलाइनवरच्या लांब रॅलीत चेंडू तिच्यावरून बऱ्याचदा दोन-तीन फूट वरून जातो. टीव्हीवर तोच फटका जाळीला चाटून गेल्यासारखा वाटतो आणि आपण तसा मारायला जाऊन जाळीत घालतो.

सर्व्हिससाठी वहीत तीन रकाने आखा: बाहेर, अंगावर, मध्यरेषेवर. प्रत्येक खेळाडूचे चार सर्व्हिस गेम नोंदले तरी 30-40 सारख्या अडचणीच्या गुणांत सर्व्हिस कुठे मारायची हे त्याचं ठरलेलं आहे का, ते दिसू लागतं. पहिल्या सर्व्हिसच्या वेगाने दिपून जाऊ नका. शिकायची ती दुसरी: त्याच हातवेगाने, पण जास्त फिरकीने. हौशी खेळाडू दुसऱ्या सर्व्हिसला हात आखडतो, फिरकी निघून जाते आणि चेंडू जाळीत पडतो. नोंद कागदावरच करा. प्रत्येक गुणानंतर फोनवर टाइप करणाऱ्यावर अधिकाऱ्यांचं लक्ष जातं. सट्ट्यासाठी मैदानातून गुण कळवणं निषिद्ध आहे आणि छोट्या स्पर्धांत यावर बारीक नजर असते.

दोन गुणांमधले 25 सेकंदही वाया घालवू नका. चुकीचा फटका मारल्यावर खेळाडू पाठ फिरवतो, रॅकेटच्या तारा सरळ करतो, टॉवेल घेतो, मग पुढच्या गुणाचं ठरवून रेषेवर येतो. 1 जानेवारी 2025 पासून नियमांत बाहेरून प्रशिक्षकाचा सल्ला घ्यायला मुभा आहे, म्हणून प्रशिक्षक बसलेल्या कोपऱ्याजवळ जागा मिळाली तर सोडू नका.

आणि दुहेरी पाहाच. क्लबात आपण बहुतेक दुहेरीच खेळतो, तरी सामना पाहायला गेलं की एकेरी संपताच स्टँड रिकामा होतो, याचं वाईट वाटतं. 2022 मध्ये बालेवाडीत रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. त्या दर्जाच्या दुहेरीत सर्व्ह करणाऱ्याकडे नाही, त्याच्या जाळीजवळच्या जोडीदाराकडे पाहा. पाठीमागे बोटांनी खूण, मग समोरचा रिटर्न मारायला रॅकेट पुढे आणतो तेव्हाच तिरकी झेप. आपले लोक एक क्षण आधी निघतात, समोरच्याला दिसतं आणि मोकळ्या गल्लीतून चेंडू जातो. पहिली व्हॉली कुठे पडते तेही पाहा: बहुधा दोघांच्या मधोमध, पायाशी. एटीपीच्या दुहेरीत ड्यूसनंतर (40-40 झाल्यावर) एकच निर्णायक गुण असतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, त्यामुळे अशा दबावाच्या गुणांना कमतरता नाही.

परतल्यावर एकच गोष्ट निवडा, नाहीतर आठवड्यात सगळं विसरतं. उंची निवडली असेल तर जाळीच्या दोन्ही खांबांना काठ्या बांधून जाळीच्या वर तीन फुटांवर दोरी ताणा आणि तिच्यावरून क्रॉस-कोर्ट वीस-वीस फटक्यांचे चार फेरे मारा. चेंडू सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडला तरच मोजायचा. एप्रिल-मेच्या कोरड्या गरम हवेत चेंडू जास्त लांब जातो आणि फटके बेसलाइनबाहेर पडू लागतात. तेव्हा दोरी खाली घेऊ नका, फिरकी वाढवा.