कवेलूच्या घरात माळ्यावरून कूलरची नवीन लाईन कशी उतरवायची

होळी झाली की आमच्या इकडे घरोघरी कूलर निघतात, जाळीत नवीन गवत भरतात, अन् मग आठवते की खिडकीपाशी प्लगच नाही. मग मधल्या खोलीतून एक्स्टेंशन, त्यानं दार लागत नाही, वायरवरून पोरं पळतात अन् खाली कूलरचं सांडलेलं पाणी. मी तीन उन्हाळे असेच काढले. मागच्या वर्षी दारव्ह्याहून सामान आणलं अन् माळ्यावरून नवीन लाईन उतरवली. ओळखीचा लायसनवाला वायरमन होता, मेन बोर्डातलं कनेक्शन त्यानंच केलं, तुम्हीबी तेवढं त्याच्याच हातून करून घ्या. बाकी पाईप टाकणं, वायर ओढणं घरच्या माणसाला जमते.

काम फेब्रुवारी-मार्चात करा अन् सकाळीच करा. मे महिन्यात बाहेर 45 असते तेव्हा कवेलूखाली दुपारी माणूस टिकत नाही. चढायच्या आधी बॅटरी मारून पाहा, विंचू अन् गांधीलमाशीचं पोळं हमखास राहते. पाय फक्त बल्लीवर ठेवा, फळ्या कुठं उधईनं खाल्ल्या ते वरून दिसत नाही.

आता महत्त्वाचं. "लाईन गेली हाये, चढ आता" असं घरचे म्हणतील, तरी चढू नका. गेलेली लाईन कधी येईल याचा भरवसा नाही. मेन स्विच पाडायचा, जुना किटकॅट फ्यूज असेल तर काढून आपल्याच खिशात टाकायचा. घरी इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, काहून की मेन पाडलं तरी त्याच्या वायरीत करंट राहते, हे लोक विसरतात. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पाहा, पेटतो का, मग मेन पाडून तिथंच लावा. खराब टेस्टर सगळीकडंच "करंट नाही" दाखवतो.

सामान सांगतो. 20 एमएमचा जाड पीव्हीसी पाईप, बेंड, जंक्शन बॉक्स, 16 अँपियरचा सॉकेट, अन् आयएसआय मार्कवाली तांब्याची 2.5 एमएम वायर तीन रंगात, लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. कूलर दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे एक अँपियरही ओढत नाही, मग एवढी जाड वायर काहून? कारण हिवाळ्यात त्याच प्लगला कोणीतरी पाणी तापवायची 1500 वॅटची रॉड लावणारच, ती साडेसहा अँपियर खाते.

जागा धरणं हेच खरं अर्धं काम. वरून पाहिलं की सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. मी खालून बाहेरच्या कोपऱ्यापासून प्लगच्या जागेपर्यंत टेप धरला, सात फूट दोन इंच, अन् वर त्याच कोपऱ्यापासून तेवढंच मोजलं. तरी खात्री नव्हती म्हणून मायला खाली बसवलं अन् बत्त्यानं भिंत ठोकायला सांगितली. "आता तरी आयकू आलं का रे?" दहा वेळा. जिथं आवाज सगळ्यात भारी आला तिथं खूण केली, मापापेक्षा तीन बोटं सरकून निघाली, काहून की बाहेरून गिलाव्याची जाडी धरली गेली होती.

भिंत पक्क्या विटेची असेल तर झिरी, म्हणजे पाईप बसायची खाच, मारायची, पण सरळ उभी, आडवी लांबच लांब झिरी भिंत कमजोर करते. आडवं जे काही जायचं ते माळ्यावरून जाऊ द्या, खाली फक्त शेवटचा उतार. आमच्याकडं बाहेरून पक्की अन् आतून मातीची भिंत, पहिल्या दोन ठोक्यातच ढपली पडली पोपडाभर. मातीच्या भिंतीत झिरीच्या नादी लागू नका, वरून भोक पाडा अन् पाईप भिंतीवरूनच क्लिप मारून उतरवा. दिसायला जरा बरं नाही, पण भिंत राहते.

माळ्यावर उघडी वायर अजिबात नको. पोत्यांमागं उंदीर राहतात अन् तिथंच लोक पऱ्हाट्या-तुराट्या, कापसाची फाटकी गादी टाकून ठेवतात, कुरतडलेल्या वायरीची एक ठिणगी पुरते. जोड द्यायचा असेल तर बॉक्समध्येच, टेप गुंडाळून लोंबकळत ठेवलेला जोड नको.

वायर ओढताना आधी सुतळीला एक नट बांधून पाईपातून खाली सोडा. खालच्यानं सुतळीला तिन्ही वायरी बांधायच्या, टोकं मागे पुढे कापून टेपनं निमुळती करायची, थोडी पावडर लावायची अन् वरच्यानं हळूहळू ओढायची. तिन्ही एकदमच. एक मागं राहिली तर नंतर ती आत जात नाही. दोन्ही टोकांना हातभर वायर जास्त ठेवा, कापणं सोपं, वाढवणं नाही.

माझी चूक इथंच झाली. न्यूट्रलची लांबी कमी पडली म्हणून मी जवळच्या बल्बच्या जुन्या बोर्डातला न्यूट्रल घेतला. कूलर चालू केला की आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा बोर्डातला स्विच) पडे, पुन्हा उचलला की पुन्हा पडे. दोन दिवस कूलरलाच दोष दिला. वायरमननं पाहिलं अन् हसला, "भाऊ, फेज आरसीसीबीतून जातो अन् परत येतो दुसऱ्या रस्त्यानं, त्याले वाटते करंट कुठंतरी गळतोय." बरोबर आहे, तो जाणाऱ्या अन् येणाऱ्या करंटचा फरक मोजतो, 30 मिलिअँपियरचा फरक दिसला की पडतो. म्हणून नवीन लाईनीचा न्यूट्रल मेन बोर्डातूनच आणा.

अन् हिरवी वायर! खूप घरी ती बोर्डात गुंडाळून नुसती ठेवलेली असते, बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यात काही नाही. कूलरची पत्र्याची बॉडी, पाणी, ओले पाय, माणूस तिथंच जातो. अर्थ खरी असेल तर बॉडीत करंट आला की हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडते. अर्थिंग वायरमनकडून मीटरनं तपासून घ्या अन् उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात तेव्हा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा.

शेवटी वरचं भोक शेणमाती, नाहीतर सिमेंटनं गच्च बुजवा, तिथूनच उंदीर अन् पाल खाली उतरते. मेन चालू केल्यावर सगळ्यात आधी आरसीसीबीचं टी बटन दाबा, पडली तरच प्लगात कूलर लावा. आमच्याकडं माय दर महिन्याच्या एक तारखेला दाबते, टीव्ही बंद झाला की बाबा ओरडतात अन् ती म्हणते, "चालू हाये मंजे."