चापडा चावला तर काय करायचं

पावसाळ्यात रात्री आंबोलीला साप बघायला येणाऱ्यांना मी निघण्याआधीच सांगून ठेवतो: फांदीला धरायचं नाही, ओढ्यातल्या दगडावर हात टेकायचा नाही. चापडा हा विषारी साप माणसाला बघून पळत नाही, एकाच जागी तासन्‌तास बसून राहतो. मलबारी चापडा तर हिरवा, तपकिरी, पिवळसर, कुठल्याही रंगाचा निघतो आणि शेवाळात दिसतच नाही. त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो. भक्ष्याच्या अंगाची ऊब त्याला त्यातून कळते.

चावलाच, तर आधी सापापासून लांब व्हा. मारायला किंवा पकडायला जाऊ नका, दुसरा दंश असाच होतो. जमलं तर लांबूनच मोबाईलवर फोटो काढा.

मग लगेच अंगठी, घड्याळ, बांगड्या, बूट काढा. हात-पाय इतका सुजतो की नंतर अंगठी कापावी लागते. दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नका. हे विष जिथे असतं तिथलं मांस खराब करतं, त्यात तुम्ही रक्तही अडवलंत तर बोट जायची वेळ येते. चिरणं, चोखणं, बर्फ, पाला यातलं काहीही नको. हात झोळीत ठेवा, पाय असेल तर काठीला सैल बांधून स्थिर करा आणि १०८ ला फोन करा. सूज जिथपर्यंत आली तिथे पेनाने रेघ मारून वेळ लिहा. डॉक्टरांना ती रेघ फार उपयोगी पडते.

दुखतं भयंकर. पॅरासिटामॉल चालेल, पण ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन अजिबात नको, कारण या विषाने रक्त गोठणंच बिघडू शकतं.

दवाखान्यात त्याचीच तपासणी होते. दोन-तीन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी एकदाच तिरकी करतात. रक्त वाहिलं तर गोठण्यात बिघाड आहे. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली चालत नाही, निकाल फसवा येतो. पहिली तपासणी चांगली आली म्हणून घरी पळू नका. बिघाड उशिरा, दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा करतात.

आता इंजेक्शनचं. आपल्याकडची सर्पदंशाची लस, म्हणजे विष उतरवणारं प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते, चापड्याच्या नाही. थायलंडमध्ये हिरव्या चापड्यासाठी आणि मलायन पिट व्हायपर या तिथल्या दुसऱ्या चापड्यासाठी वेगळी लस आहे, जपानमध्ये मामुशी आणि हाबू या तिथल्या चापड्यांसाठी. म्हणून 'लस का देत नाही?' असं डॉक्टरांशी भांडू नका. पण साप नक्की कोणता हे ठाऊक नसेल तर 'चापडाच होता' असं ठासूनही सांगू नका. घोणशीच्या पिल्लाला चापडा समजण्याची चूक होते आणि तिथे लसच कामी येते.

मलबारी चापड्याच्या दंशात बहुतेकदा सूज आणि वेदनेवर भागतं. नाकाड्या चापड्याची मात्र मला धास्ती वाटते. वीतभराहून थोडा मोठा, वाळक्या पानाच्या रंगाचा, नाकाचं टोक वर वळलेलं. केरळ आणि श्रीलंकेत त्याच्या दंशाने मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दगावली आहेत. त्यामुळे घरी सोडल्यावरही लघवी कमी झाली, लालसर किंवा काळपट आली, हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक परत दवाखाना गाठा.