बशी उलटी करा, मग वाचा

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या जुन्या घरात फडताळ आवरताना निळी-पांढरी चिनी बशी हाती लागली, तर ती घडी घातलेल्या टॉवेलवर पालथी ठेवा. दहापट भिंग घ्या. बुडाशी बहुधा सहा अक्षरं असतात, दोन उभ्या ओळींत. उजवी ओळ आधी, वरून खाली. पहिली दोन अक्षरं राजवंशाची: ‘दा चिंग’, महान चिंग. मधली दोन सम्राटाच्या कारकिर्दीची: कांगशी (१६६२–१७२२), च्यानलोंग (१७३६–१७९५). शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ ‘या काळात बनवलं’.

पण शिक्का म्हणजे जन्मदाखला नव्हे! १६७७ मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचं गाव असलेल्या जिंगदजन इथल्या कारागिरांना कांगशीचं नाव घालायला मनाई झाली. मग त्यांनी आधीच्या मिंग राजवंशातल्या चंगह्वा सम्राटाचं (१४६५–१४८७) नाव घातलं, नाहीतर नुसतं रिकामं दुहेरी वर्तुळ. ‘कांगशी’ लिहिलेली कितीतरी भांडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची निघतात.

म्हणून बुडाचं बिनचकाकीचं, म्हणजे काचेसारखा लेप नसलेलं, कडं तपासा. खरी झीज बोटाला गुळगुळीत लागते, तीही सगळीकडे सारखी नसते. ओल्या कापसावर तपकिरी रंग उतरला, तर कुणीतरी चहाच्या पाण्यानं वय वाढवलंय. इंग्रजीत ‘चायना’ छापलं असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची.

सोनेरी नक्षी असेल तर घासणी लावू नका; ती चकाकीवर बसवलेली असते, लगेच निघते.